बापाचा नाद

आपल्याकडं एक वाईट खोड आहे. शहरातल्या माणसानं नाणी, तिकिटं जमवली की त्याला छंद म्हणतात. शेतकऱ्यानं काही जमवलं की त्याला नाद लागला म्हणतात. अन् नाद म्हणजे घर बुडवणाराच, हे आधीच ठरलेलं.

माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सुतारकामाचा नाद होता. आमचं घर काही सुताराचं नव्हे. पण पैठण तालुक्यातल्या आमच्या काळ्या रानात ऐन पेरणीत तिफण मोडली, तर सुताराची वाट बघत वाफसा घालवणं त्यांना पटायचं नाही. वाकस, पटाशी, करवत अन् रंधा, एवढ्यावर ते बाभळीची तिफण उभी करायचे. चाड्याची भोकं सारखी नसली तर एका तासात बी दाट पडतं, दुसऱ्यात पातळ. म्हणून एका चाड्यावर त्यांचा अख्खा दिवस जायचा.

दादा गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आधी भावकी बसली. चौकात मोठा फ्लेक्स लावा, पाच गावं जेवू घाला, नावाजलेल्या महाराजांचं कीर्तन ठेवा. पैसे नसले तर काढा, पण बापाचं नाव झालं पाहिजे! मी नाही म्हणालो. घरच्यापुरता सैपाक केला अन् दादांची हत्यारं धार लावून घेतली. तेव्हापासून कुणाच्या आखाड्यावर मोडकी तिफण, वखर, कोळपं, मोटेचं चाक पडलेलं दिसलं की मी मागून आणतो, नीट करतो, गोठ्याच्या एका खणात ठेवतो. दरसाल मृगात ट्रॅक्टरला बाजूला ठेवून दोन पट्टे तिफणीनं पेरतो.

लोक म्हणतात, म्हाताऱ्याला भंगाराचा नाद लागला. ठीक आहे. पण मला हिशेब सांगा. फ्लेक्स एका पावसात फाटतो, अन् त्यावर बापापेक्षा पुढाऱ्यांचीच तोंडं जास्त. जेवणाचं कर्ज मात्र दोन-तीन हंगाम खातं. कीर्तनाला माझा विरोध नाही. नाथांच्या पैठणजवळचा माणूस कीर्तनाला नावं कशी ठेवील? पण व्याजाच्या पैशानं बापाचं नाव होत नाही, सावकाराचं होतं.

शहरातल्या वाचकांनाही एक सांगायचंय. तुमच्या रस्त्याकडेच्या हाटेलात गाडीची चाकं भिंतीला टांगलेली असतात. त्यांच्याजवळ उभं राहून तुम्ही फोटो काढता. त्या चाकाला धाव कशी चढवायची, वंगण कुठं घालायचं, हे सांगणारा माणूस जवळ नसेल तर ते नुसतं लाकूड आहे.

पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. बापानं त्याच्या नावानं जन्मभर वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, भांडीकुंडी, म्हणजे लोकांच्या घरात रोज हाताळलेल्या वस्तू. 1975 साली तो संग्रह त्यांनी सरकारला देऊन टाकला. त्या बापाला आपण थोर म्हणतो, अन् म्हणायलाच पाहिजे. मग बापासाठी चार औतं जपणाऱ्या पोराला येडा का ठरवता?

मोठं संग्रहालय करा असं मी म्हणत नाही. मी दहावी शिकलेला शेतकरी, ते मला झेपणारही नाही. पण तुमचा बाप आवडीनं जे करत होता, त्यातलं एक काम उचला. दोरखंड वळत असेल तर वळायला शिका. कलम बांधत असेल तर बांधा. आई चाड्यावर मूठ धरत असेल, तर ती मूठ कशी सोडायची ते ती आहे तोवर विचारून घ्या. अन् तुमच्या गोठ्यातली तिफण भंगारवाल्याच्या गाडीत टाकण्याआधी तिचं चाडं एकदा हातात घेऊन बघा. कुणाच्या तरी हातानं एकेक भोक मोजून पाडलेलं असतं.