वेशीच्या नोंदीत वेसकरही हवा

कर्वेनगर, पुणे

प्रति,
मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन

महोदय,

मध्ययुगीन गावाभोवतीच्या तटाला गावकूस आणि त्यातील मुख्य प्रवेशद्वाराला वेस म्हणत. दगडी कमान, आतल्या अंगाला पहाऱ्याच्या देवड्या, जाड लाकडी दारे आणि ती लागल्यावर एकट्यादुकट्याला आत घेण्यापुरती ठेवलेली दिंडी, असे तिचे सर्वसाधारण रूप असे. २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, छत्रपती संभाजीनगरातील मलिक अंबरच्या भडकल दरवाजाचीही ख्याती आहे, परंतु खेड्यातल्या वेशीच्या वाट्याला बहुधा सिमेंटचा गिलावा आणि तैलरंगच येतो. चुन्यात बांधलेली भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंट ती आत कोंडते आणि दगड झिजू लागतो. तेव्हा अशी डागडुजी हौसेची असली तरी घातकच ठरते.

१९६०च्या राज्य अधिनियमानुसार वास्तू संरक्षित घोषित करता येते, मात्र केवळ कमानीचे मोजमाप घेणारी नोंद अपुरी राहील. वेशीवर राबणारा वेसकर महार वतनदार होता. दारे उघडणे-लावणे, परक्यावर नजर ठेवणे ही त्याची कामे, मोबदला बलुत्याचा आणि घरोघर मागितलेल्या भाकरीचा, आणि वस्ती मात्र गावकुसाबाहेर. ज्या दाराची राखण त्याने केली त्याच्या आत त्याला घर नव्हते, ही विसंगती वास्तूच्या इतिहासाचाच भाग आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलेले वतनविषयक विधेयक याच व्यवस्थेविरुद्ध होते.

आमचे कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. तेथे १९०० मध्ये महर्षी कर्वे यांनी विधवांसाठीचा आश्रम पुण्याबाहेर झोपडीत नेला, आणि ती झोपडी आज आदराने दाखवली जाते. वस्तीबाहेर ठेवलेल्यांचा इतिहास जपण्याचा हा धडा वेशींच्या बाबतीत गिरवला गेलेला नाही.

म्हणून संचालनालयाने जिल्हावार वेशींची सूची करावी, दुरुस्ती चुन्यातच करण्याची अट घालावी, आणि प्रत्येक माहितीफलकावर, बांधणाऱ्या सरदाराचे नाव उपलब्ध असो वा नसो, वेसकराच्या वतनाची व गावकुसाबाहेरच्या वस्तीची माहिती गावातील जुन्या कागदपत्रांवरून व त्या वस्तीतील वृद्धांना विचारून लिहावी.

कळावे,
कर्वेनगर येथील एक नागरिक