‘वर्षातून एकच दिवस’ हे कानाला कळत नाही

“वर्षातून एकदाच तर डीजे लागतो, एवढं काय?” नांदेड-लातुरात प्रत्येक मिरवणुकीला हे ऐकावं लागतं. पण जरा मोजा: गणपती, नवरात्र, जयंत्या, उरूस, लग्नाच्या वराती, निवडणुकीचा गुलाल, पुढाऱ्यांचे वाढदिवस. प्रत्येकाचा एकच दिवस असतो. रस्त्याकडेच्या घराला मात्र ते सगळेच भोगावे लागतात.

नियम 2000 सालापासून आहेत. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45. शांतता क्षेत्रात दिवसा 50, रात्री 40. दोन माणसांचं साधं बोलणं 60 च्या आसपास असतं. डीजेसमोर आकडा सहज 100 च्या पुढे जातो. दर 10 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते, म्हणजे 55 आणि 105 मध्ये फरक दुपटीचा नाही, एक लाख पटीचा आहे!

100 डेसिबल आवाज कानाला सुमारे 15 मिनिटंच सोसतो. मिरवणूक तासन्‌तास चालते. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यावर गोळी नाही, ऑपरेशन नाही. सर्वात जास्त नुकसान होतं ते पुढे नाचणाऱ्या पोरांचं आणि डीजे चालवणाऱ्याचं. नंतर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा दडे बसले आणि दुसऱ्या दिवशीही कमी झालं नाही, तर घरगुती तेल न घालता लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न फक्त कानाचा नाही. मोठ्या आवाजाने शरीरातली ताणाची संप्रेरकं वाढतात, नाडी आणि बीपी चढतं, झोप मोडते. हृदयरोगी, तान्ही बाळं आणि लातूरच्या ट्यूशन एरियात नीटचा अभ्यास करणारी मुलं कुणाकडे दाद मागणार?

“ही आमची परंपरा आहे,” असं कुणी म्हणेल. हलगी, संबळ, ढोल ही परंपरा आहे. ट्रकवरची स्पीकरची भिंत नाही. (ढोल-ताशाही कानाजवळ घातकच असतो.) लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट केलं आहे. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत मिळणारी सवलत वेळेची आहे, डेसिबलची नव्हे.

दवाखाने, शाळा, न्यायालयांभोवती 100 मीटरचं शांतता क्षेत्र करता येतं; पण 2017 च्या दुरुस्तीनंतर सरकारने जाहीर केल्याशिवाय ते लागू होत नाही. नांदेडच्या डॉक्टर्स लेनसारख्या भागात ते जाहीर झालं आहे का, फलक कुठे आहेत, आवाज मोजतं कोण, हे प्रशासनाला लेखी विचारा. त्रास होत असेल तर 112 वर तक्रार करा.

आणि पुढच्या वेळी मंडळाची वर्गणी देताना एवढंच सांगा: “पैसे देतो, पण डीजेला नाही.”