सात बरोबर, एक चूक

या आठवड्यात एका संस्थेच्या ऑनलाइन अर्जांचा घोळ पाहिला. उमेदवार फोटो चढवायचा, कधी अर्ज जायचा, कधी ४१३ क्रमांकाची चूक यायची. लोड बॅलन्सरच्या मागे सहा वेब सर्व्हर होते आणि सहाही हाताने अपग्रेड केलेले. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं पॅकेज चढताना डेबियन लिनक्स मध्येच थांबून विचारतं: ही कॉन्फिग फाइल तुम्ही बदललेली दिसते, तुमचीच ठेवायची की पॅकेजमधली नवी घ्यायची? नुसतं एंटर दाबलं की आपली राहते. पाच सर्व्हरवर एंटर दाबलं गेलं, सहाव्यावर ‘वाय’. तिथली फाइलच्या आकाराची वाढवलेली मर्यादा पुसली गेली आणि एनजिनएक्सची मूळची १ एमबीची मर्यादा परत आली. त्याहून मोठा फोटो सहाव्या सर्व्हरकडे गेला की अर्ज बाद. बैठकीत सगळं खापर रात्रपाळीच्या मुलावर फुटलं. मला संताप आला तो याचा. मध्यरात्री सहा वेळा तोच प्रश्न माणसाला विचारायचा आणि सहाही वेळा तेच उत्तर यायला हवं अशी अपेक्षा ठेवायची, ही चूक काम लावणाऱ्याची आहे.

नाइट कॅपिटलचं प्रकरण मी पुन्हा काढतोय, कारण त्याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही. न्यूयॉर्क शेअर बाजाराची किरकोळ गुंतवणूकदारांसाठीची नवी योजना १ ऑगस्ट २०१२ ला सुरू होणार होती. त्यासाठी या अमेरिकन कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायला घेतला. तंत्रज्ञाने सातांवर तो टाकला, आठवा राहून गेला. दुसऱ्या कोणी तपासून पाहावं असा लेखी नियमच नव्हता. त्या आठव्यावर ‘पॉवर पेग’ नावाचा, २००३ पासून न वापरलेला कोड तसाच पडून होता, आणि नव्या कोडने नेमका त्याचाच जुना फ्लॅग वापरायला घेतला होता. बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर ऑर्डरी सोडत सुटला. ४५ मिनिटांत १५४ शेअरांमध्ये ४० लाखांहून जास्त व्यवहार झाले. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला.

बाजार उघडण्याआधीच यंत्रणेने ‘पॉवर पेग’चा उल्लेख असलेल्या ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवल्या होत्या, त्यांवर कोणी हालचाल केली नाही. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. बिघाड शोधताना मंडळींनी नव्या कोडलाच दोषी धरलं आणि तो सात चांगल्या सर्व्हरवरून काढून टाकला. आठव्याचं दुखणं आठांचं झालं. सगळी मशीन सारखी आहेत असं गृहीत धरलं, की दुरुस्तीसुद्धा उलटते. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने २०१३ मध्ये १.२ कोटी डॉलरचा दंड केला, तो कंपनीला, तिच्या ढिसाळ नियंत्रणांसाठी. आपल्याकडच्या बैठकांनी एवढं तरी उचलावं.

सगळे सर्व्हर एकदम चुकले तर पाच मिनिटांत बोंब होते. सहातला एक चुकला तर तक्रार करणाऱ्यालाच खोटं पाडलं जातं, कारण तपासणाऱ्याच्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं. म्हणून मशीनमशीनमधला फरक हाच खरा शत्रू.

उपाय नवा नाही. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन लिहिलं, ते याच दुखण्यावर. नाइटचा घात झाला त्याच २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल आलं. त्यात एका फाइलमध्ये मशीनची यादी, दुसरीत, म्हणजे प्लेबुकमध्ये, ‘एनजिनएक्स असावा, ही कॉन्फिग असावी, सेवा चालू असावी’ एवढं लिहायचं. डेबियनला आधीच सांगून ठेवायचं की काही विचारू नकोस, आमची फाइल आहे तशी ठेव. तीच फाइल लगेच दुसऱ्यांदा चालवली आणि बदल शून्य आले, तर लिहिलेली प्रत्येक गोष्ट प्रत्येक मशीनवर तशीच आहे याचा तो पुरावा.

यावर हमखास येणारा आक्षेप खरा आहे: हाताने एक मशीन बिघडतं, स्क्रिप्टने सगळी. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली. पण तो अपडेट टप्प्याटप्प्याने न जाता सगळीकडे एकदम गेला होता. आधी एका मशीनवर, मग दोनांवर, मग उरलेल्यांवर, हा क्रम अ‍ॅन्सिबलमध्ये एका ओळीत लिहिता येतो. एनजिनएक्स तर सेवा रिलोड करण्याआधी कॉन्फिग तपासूनही देतो. ही शिस्त फाइलमध्ये एकदा लिहिली की ती कंटाळत नाही.

स्क्रीनशॉट चिकटवलेल्या वर्ड फाइलींवरचा माझा राग नियमित वाचकांना ठाऊक आहे. चाळीस पानांची ‘इन्स्टॉलेशन प्रोसिजर’ म्हणजे चुका करायच्या चाळीस जागा. ती लिहायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात प्लेबुक लिहून होतं, आणि प्लेबुक चालवून खरं-खोटं करता येतं.

तेव्हा काम स्वीकारणाऱ्यांनी करारात एकच अट घालावी. कंत्राटदाराला एक कोरं मशीन द्या. एका आज्ञेत, त्यानंतर कोणीही कीबोर्डला हात न लावता, ते बाकीच्या सर्व्हरसारखं होऊन दाखवू दे. नाही झालं, तर बिलावर सही करू नका.