गुरुजींच्या कष्टांचा हिशेब मांडा!

२०२० च्या मार्चमध्ये शाळांना टाळे लागले आणि गुरुजींच्या हाती खडूऐवजी मोबाईल आला. मोबाईल त्यांचाच, रिचार्जही त्यांच्याच खिशातून. मोबदला म्हणून कौतुकाचे चार शब्द मिळाले. विनाअनुदानित शाळांतील अनेकांचा तर आहे तो पगारही घटला. संकटकाळ म्हणून शिक्षकांनी हे निमूट सोसले. पण संकट सरले, तरी प्रथा सरली नाही. शाळा सुटल्यावर दृक्‌पाठ तयार करा, सुटीत ऑनलाइन जादा तास घ्या, हे सारे आता ‘कर्तव्या’त जमा धरले जाते. संकटकाळचा त्याग हा कायमचा करार केव्हापासून झाला, असा आमचा संस्थाचालकांना रोखठोक सवाल आहे.

सीमाभागात ह्या ओझ्याला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्रात तयार झालेले मराठी दृक्‌पाठ बालभारतीच्या पुस्तकांना धरून असतात. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या शाळा मात्र कर्नाटकाच्या पाठ्यक्रमाला जखडलेल्या. भाषा जुळावी तर पुस्तक जुळत नाही, पुस्तक जुळावे तर भाषा कानडी! ही दरी आमचा शिक्षक रात्रीचा दिवस करून भरून काढतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेतील अन्यायाचे व्याज तो आपल्या झोपेतून फेडतो आहे, म्हणा ना!

शिवाय पाठ एकदा ध्वनिचित्रमुद्रित झाला, की तो शिक्षकाच्या हातून सुटला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या कृतीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणाराच ठरतो. उद्या शिक्षकाला घरी बसवून त्याचाच आवाज वर्गात वाजवता येईल. ‘उलट करार नसेल तर’ हे चार शब्द प्रत्येक शिक्षकाने मुखोद्गत करावेत.

न्यायालयाच्या भरवशावरही कोणी राहू नये. १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हे, असा निर्णय दिला. विद्यादान पवित्र, म्हणून गिरणीकामगाराला उघडे असलेले दार गुरुजींना बंद! ग्रॅच्युइटीसाठी २००९ साली कायदा दुरुस्त करावा लागला आणि त्या दुरुस्तीवरचे आव्हान २०२२ साली फेटाळले गेले, तेव्हा कोठे तेवढा एक हक्क पक्का झाला.

तेव्हा बोलणी व्हायची ती संस्थेच्या दारातच, आणि एकेकट्याने नव्हे. पाठ तयार करण्याचे तास वेळापत्रकात धरा, नाहीतर त्यांचे वेगळे पैसे द्या. साधनांचा खर्च संस्थेने सोसावा. मुद्रित पाठ शिक्षकाच्या लेखी संमतीवाचून पुन्हा वापरू नये. आमच्या कित्येक संस्था गरीब आहेत, हे आम्ही जाणतो. लोकवर्गणीने उभ्या राहिलेल्या शाळा बुडाव्यात, असे कोणता मराठी माणूस म्हणेल? पैसे नसतील तर इतर तास कमी करा; फुकट घेऊ नका. मायबोलीच्या प्रेमाची शपथ घालून मराठी शिक्षकालाच राबवून घेणाऱ्यांनी सीमालढ्याचे नाव घेऊ नये. नव्या वर्षाची शाळा भरण्यापूर्वी सर्व शिक्षकांच्या सह्यांचा अर्ज व्यवस्थापक मंडळाच्या मेजावर गेला पाहिजे, आणि पोच हाती पडल्यावाचून कोणीही तेथून हलू नये.