एकास शंभर

अजमेरच्या सोनीजींच्या नसियांत दर्शन घेऊन आलेल्या कुटुंबांना तेथील सुवर्णनगरी सहसा विसरता येत नाही. काचेआडची ती अयोध्या, ऋषभदेवांची पंचकल्याणके आणि अधांतरी तरंगणारी देवविमाने १८९५ पासून त्या दालनात आहेत. त्यामागे श्रेष्ठींचे द्रव्य होते आणि जयपूरच्या कारागिरांची वर्षानुवर्षांची मेहनत.

इंग्लंडातील सफक परगण्यातल्या ॲलेक गॅरर्ड या शेतकऱ्यापाशी केवळ स्वतःचे दोन हात होते. बायबलातील वास्तूंच्या काही प्रतिकृती त्यांनी पाहिल्या, त्या मनास उतरल्या नाहीत. याहून बरे आपण करू, असे ठरवून त्यांनी जेरुसलेमचे हेरोदकालीन मंदिर निवडले. बाजारातील तयार संच आणून तुकडे जुळवावयाचे नव्हते. प्रत्येक वीट व कौल मातीचे, हाताने घडविलेले, भाजलेले आणि रंगविलेले.

प्रमाण एकास शंभर. हे ऐकावयास सोपे वाटते. पण लांबी शंभरपट घटली की क्षेत्रफळ दहा हजारपट आणि घनफळ दहा लाखपट घटते. एक टन वजनाचा दगड येथे एक ग्रॅमचा होतो. उलटपक्षी हाताची एक मिलिमीटरची चूक मूळ वास्तूत दहा सेंटिमीटरची ठरते. व्यापारी वजनकाट्यास जितके जपतो, तितकेच प्रतिकृतिकाराला फूटपट्टीस जपावे लागते.

खरी अडचण वेगळीच होती. हे मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने उद्ध्वस्त केले. नकाशा कोठेच नाही. आधार मुख्यत्वे जोसेफस या इतिहासकाराच्या लेखनाचा आणि ज्यूंच्या मिश्नातील मोजमापांचा, आणि या दोहोंचे आकडे काही ठिकाणी जुळत नाहीत. लेखकाला अशा वेळी दोन्ही मते नोंदवून पुढे जाता येते. प्रतिकृती करणाऱ्याला ती मुभा नाही. भिंत कोठेतरी उभी करावीच लागते, आणि चुकली तर ती चूक सर्वांच्या डोळ्यांसमोर राहते. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी त्यांची काही वर्षे केवळ अभ्यासात गेली.

२००९ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांच्या शेतावरील इमारतीत वीस फूट लांब व बारा फूट रुंद मंदिर उभे होते. आत अर्ध्या इंचाची सुमारे चार हजार माणसे, तीही हातानेच घडविलेली. एकूण श्रम सुमारे ३३,००० तासांचे सांगितले जातात. हिशेब करून पाहावा: रोज तीन तास, एकही सुटी न घेता, तीस वर्षे. पेढीच्या वहीत हे खाते नावे टाकावे की जमेस धरावे, हा प्रश्न घरच्यांना पडला असल्यास नवल नाही.

या मंदिरावर त्यांचे पुस्तक निघाले, दूरदूरची माणसे पाहून गेली. तरी काम पूर्ण झाले असे ते म्हणत नसत. भर घालावयाचे काही ना काही त्यांना सापडतच राहिले.