काढता येत नसेल तर टाकू नका!

मंडळी, पीएसपीवर कस्टम फर्मवेअर टाकणं म्हणजे चोरी असं म्हणणारे आणि "टाक रे, काही होत नाही" असं म्हणणारे, दोघंही माझ्या डोक्यात जातात. पहिल्यांना कायदा माहीत नसतो, दुसऱ्यांना फ्लॅश मेमरी.

आधी पहिले. सोनीने पीएसपीचं शेवटचं फर्मवेअर, ६.६१, २०१५ साली काढलं. जुलै २०२१ पासून तर त्या यंत्रावरून काही विकतही घेता येत नाही. डिस्क वाचणारं ड्राइव्ह म्हातारं झालेलं. मग पैसे मोजून घेतलेला गेम मी मेमरी स्टिकवरून खेळलो तर कुणाचं काय गेलं? कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५अ कुलूप तोडण्याला गुन्हा म्हणतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तर. कलम ५२ कायदेशीर मालकाला प्रोग्रॅमची बॅकअप प्रत काढू देतं. फुकट उतरवलेले दोनशे गेम मात्र चोरीच. तिथे वकिली करायला मी येणार नाही :)

आता दुसरे. लोणावळा-मावळातल्या पाण्यावर १९१५ पासून खोपोलीत वीज बनते, मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालल्या. पण जुलैच्या पावसात आमच्याकडे लाइट जायची ती जातेच. त्यात जुन्या पीएसपीची बॅटरी फुगलेली, म्हणून ती काढून नुसत्या अडॅप्टरवर यंत्र चालवायचं. अशा अवस्थेत इथल्या एका दुकानदाराने मित्राच्या धाकट्या भावाच्या पीएसपी-३००० वर कायमचा पॅच टाकायला घेतला. मधेच लाइट गेली. यंत्राची वीट झाली. वर उत्तर काय, तर "जुनंच होतं ना!" अरे, पॅन्डोरा बॅटरीने १००० आणि सुरुवातीचे २००० उठतात, ३००० नाही, हे पैसे घेण्याआधी सांगायला नको?

खरं तर प्रो-सारखं तात्पुरतं फर्मवेअर बहुतेकांना पुरतं. ते मेमरीत चालतं, यंत्र पूर्ण बंद केलं की गेलं. परत हवं तर फास्ट रिकव्हरी चालवा. काढायची भानगडच नाही. कायमचंच हवं असेल तर आधी मॉडेल बघा, चांगली बॅटरी घाला, ती पूर्ण चार्ज करा आणि अडॅप्टरही लावून ठेवा. अधिकृत ६.६१ ची फाइल मेमरी स्टिकवर आधीच असू द्या. काढताना पहिल्यांदा पॅच, तोही त्याच्याच साधनाने. मग अधिकृत फर्मवेअर. हा क्रम उलटा करू नका.

यंत्र आपलं आहे, त्यात काय चालवायचं ते आपणच ठरवणार. हा हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण परतीची वाट न दाखवता दुसऱ्याच्या यंत्रात हात घालणं ही सेवा नव्हे, जुगार आहे. आणि तोही गिऱ्हाइकाच्या पैशावर. दुकानात पुढच्या वेळी भाव नंतर विचारा. आधी विचारा, "काढणार कसं?" उत्तर आलं नाही तर पीएसपी उचला आणि सरळ घरी या.