ओल्या हाताची कसोटी

मैत्रिणींनो, स्वयंपाकघराच्या मांडणीबद्दल आपण किती बोलतो! डबे कसे लावावेत, कुठली बरणी कुठल्या फळीवर असावी, याची चर्चा भिशीपासून हळदीकुंकवापर्यंत चालते. पण न्हाणीघरातल्या आरशामागचं ते वीतभर कपाट, बेसिनखालचा अंधारा खण आणि खिडकीचा कट्टा यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. दिवाळीची साफसफाईसुद्धा बऱ्याचदा फरशी घासली की तिथून परत फिरते.

आज ते आरशाचं कपाट उघडून बघाच. तळाला चिकटलेली साबणाची चिपटी, प्रवासात हॉटेलातून आणलेल्या इवल्याशा वड्या, पिळून पिळून चपटी झालेली टूथपेस्ट, मागच्या दिवाळीतलं उटणं, गंजलेलं ब्लेड, खोकल्याच्या औषधाचा उरलेला घोट आणि ‘कधीतरी लागतील’ म्हणून ठेवलेले चार झिजलेले ब्रश. यातलं काहीही तिथे ठेवायचं असं कुणी ठरवलेलं नसतं. हात मोकळा करायचा म्हणून टेकवलं आणि ते तिथलंच होऊन बसलं, एवढंच. मग लागतो तो शांपू काढायला गेलं की दोन बाटल्या खाली पडणार आणि सकाळच्या घाईत तोंडातून नको ते शब्द निघणार.

हे आवरायला सबंध रविवार घालवायची गरज नाही. एका जागेला अर्धा तास पुरतो. मात्र आधी एक कसोटी मनाशी पक्की करा. जी वस्तू ओल्या हाताने घ्यावी लागते, तीच न्हाणीघरात राहील. जी कोरड्या हाताने घेतली तरी चालते, तिची जागा बाहेर. साबण, शांपू, ब्रश, टूथपेस्ट, दाढीचं सामान, टाच घासायची वज्री, ही सगळी ओल्या हाताची मंडळी. साबणाच्या जादा वड्या, टॉवेलांची चळत, कापूस, पावडर, केसांच्या पिना, औषधं, ही कोरड्या हाताची. त्यांना न्हाणीघरात ठेवून आपण फक्त ओल खाऊ घालतो. पिना गंजतात, पावडरीचे खडे होतात, कापूस दमट होतो.

याला अपवाद एकच. पाळीच्या दिवसांत लागणारे पॅड हाताशी हवेतच. घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात चार-पाच ठेवा आणि बाकीचा पुडा कपड्यांच्या कपाटात राहू द्या. घरात वयात येणारी मुलगी असेल तर तो डबा कुठे आहे ते तिला आधीच दाखवून ठेवा.

आता कामाला लागू या. सगळ्यांच्या अंघोळी आटपून न्हाणीघर वाळलं की दुपारची वेळ बरी. दोन जुनी वर्तमानपत्रं, कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा, एक फडकं आणि कचऱ्यासाठी पिशवी जवळ घ्या. एका वेळी एकच जागा धरा. आज आरशाचं कपाट, उद्या बेसिनखालचा खण. दोन्ही एकदम काढलंत तर संध्याकाळपर्यंत पसारा तसाच राहील आणि चिडचिड होईल ती वेगळीच.

पहिल्या पाच मिनिटांत कपाटातलं सगळं, अगदी सगळं, वर्तमानपत्रावर काढा. नुसतं इकडचं तिकडे सरकवून काही साधत नाही. पुढची पाच मिनिटं फळ्या पुसा, कोपरे जुन्या ब्रशने घासा आणि दार उघडं ठेवून वाळू द्या. फळ्या वाळेपर्यंत सामानाचे तीन ढीग करा, ओल्या हाताचा, कोरड्या हाताचा आणि निरोप द्यायचा. याला दहा मिनिटं. उरलेल्या दहा मिनिटांत मांडणी.

निरोप कुणाला द्यायचा? दात घासायचा ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलावा. त्याचे केस फाकले असतील तर त्याआधीच. जुन्यांपैकी एक फरशीच्या सांध्यांसाठी ठेवा, एक कंगवे धुवायला. बाकीचे गेले. क्रीम-लोशनच्या बाटलीवर वापराची शेवटची तारीख असते ती बघा. शिवाय पुष्कळ बाटल्यांवर झाकण उघडलेल्या डबीचं एक लहानसं चित्र असतं आणि त्यात ६ किंवा १२ असा आकडा. उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू वापरावी, असा त्याचा अर्थ. वास बदलला असेल किंवा पाणी नि तेल वेगळं झालं असेल तर आकडाही बघत बसू नका. साबणाची चिपटी मात्र टाकू नका. जुन्या नायलॉनच्या मोज्यात भरून गाठ मारा आणि नळाला टांगा, पायपुसणी धुवायला उत्तम. हॉटेलातल्या वड्या प्रवासाच्या बॅगेत टाका, म्हणजे पुढच्या वेळी साबण विसरायला नको.

जुनी ब्लेडं तशीच कचऱ्यात टाकू नका. रिकाम्या पत्र्याच्या डबीत भरून चिकटपट्टी लावा, वर ‘ब्लेड’ असं ठळक लिहा. कचरा निवडणाऱ्या बाईचा हात त्या पिशवीत जाणार असतो, हे लक्षात असू द्या.

आणखी एक. घर सगळ्यांचं आहे, तेव्हा दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय टाकू नका. सासूबाईंची झिजलेली वज्री तुम्हाला भंगार वाटेल, पण ती त्यांच्या हाताला बसलेली असते. यजमानांच्या दाढीच्या सामानाचा ढीग त्यांच्यापुढे ठेवा आणि निवडायचं काम त्यांनाच करू द्या. एकदा स्वतः निवडलं की पुन्हा पसरताना माणूस जरा विचार करतो.

औषधांबद्दल थोडं सविस्तर सांगते. आरशामागचं कपाट औषधांचंच, असं पुष्कळ घरांत धरून चालतात. पण औषधाच्या वेष्टनावर काय छापलेलं असतं? कोरड्या, थंड जागी ठेवा. बहुतेकांवर २५ किंवा ३० अंश सेल्सियसच्या वर नको, असंही असतं. रोज चार माणसांच्या गरम पाण्याची वाफ जिथे कोंडते, ती जागा ना कोरडी ना थंड. औषधांचा डबा झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात, मुलांचा हात पोहोचणार नाही असा ठेवा. मुदत संपलेल्या गोळ्या आधी औषधाच्या दुकानात परत घेतात का ते विचारा. घेत नसतील तर पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवा आणि पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, म्हणजे कुणी उचलून घेणार नाही.

आता बेसिनखालचा खण. इथे आवराआवर केवळ नीटनेटकेपणासाठी नाही, जिवासाठी आहे. संडास साफ करायच्या बऱ्याच द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये आणि ब्लीचिंग पावडरीत क्लोरीन असतो. ही दोन एकत्र आली की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. लहानशा बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना भारी पडतो. ‘दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ निघेल’ असं म्हणून बादलीत दोन्ही ओतणाऱ्या बायका आहेत. तसं कधीही करू नका. चुकून झालंच, डोळे चुरचुरले, ठसका लागला, तर पुसत बसू नका. तडक बाहेर मोकळ्या हवेत या आणि घरातल्यांनाही बाहेर काढा. दम लागत असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा.

म्हणून या दोन बाटल्या एका खणात नकोत. एक न्हाणीघरात, दुसरी बाल्कनीत धुण्याच्या सामानाजवळ, दोन्ही कडी असलेल्या कपाटात. आपल्या डोक्याच्या वर ठेवू नका, काढताना डोळ्यांत सांडायची भीती. खांद्याच्या उंचीची फळी बरी. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर कडक निर्बंध घातले, तरी त्याआधीची एखादी बाटली अजून बेसिनखाली मागे पडलेली असू शकते. तीही शोधा आणि कडीकुलपात ठेवा.

आणि फिनेल किंवा ॲसिड सरबताच्या, थंड पेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. लहान मूल बाटली ओळखतं, आतलं द्रव ओळखत नाही. असं काही पोटात गेलंच तर उलटी करवू नका. जाताना अन्ननलिका भाजते तशी येतानाही भाजते. बाटली बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

राहिला खिडकीचा कट्टा. शांपूच्या बाटल्या, खराटा, वाळत घातलेली घासणी असं करत करत ती छोटी खिडकी आपण पार बुजवून टाकतो. घरात गॅसचा गिझर असेल तर हे फार धोक्याचं. हवा खेळती नसली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही की वास नाही. माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि दाराला आतून कडी असते. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेरच बसवून घ्यावा हे उत्तम. पण गिझर कुठलाही असो, खिडकीवर काही म्हणजे काही ठेवायचं नाही.

आता मांडणी. श्रीखंडाचे रिकामे डबे आपल्या घरात कमी नसतात! दाभण तापवून त्यांच्या बुडाला पाच-सहा भोकं पाडा, म्हणजे पाणी साचणार नाही. माणशी एक डबा, ओळखायला प्रत्येकाच्या डब्यावर निराळ्या रंगाची पट्टी. मुलांचे डबे खालच्या फळीवर, उंच माणसांचे वर आणि आजी-आजोबांचे कंबर आणि खांदा यांच्या मधे. ओल्या फरशीवर वाकायला लागलं किंवा टाचा उंचावाव्या लागल्या की तोल जातो, आणि त्या वयात एक पडणं फार महागात पडतं. साबण तर कुणाचाच जमिनीवर नको.

तुमच्याकडे कपाटच नाही, नुसती मोरी आहे, तर हताश होऊ नका. मेणकापडाचा दोन हात लांब तुकडा घ्या, त्यावर खिसे शिवा, वर दांडी ओवा आणि मोरीशेजारच्या भिंतीवर पाणी उडणार नाही इतक्या अंतरावर टांगा. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची मुभा नसेल, तर कान असलेली प्लॅस्टिकची टोपली प्रत्येकाला द्या. अंघोळीला जाताना न्यायची, येताना परत आणायची.

एवढं केल्यावर पसारा पुन्हा होणार नाही असं नाही. पण दोन नियम पाळलेत तर तो आवाक्यात राहील. नवी बाटली आत येईल तेव्हा जुनी, रिकामी असो की अर्धी, आधी संपवायची किंवा बाहेर काढायची. आणि महिन्यातून एकदा, भंगारवाल्याची हाक आली की ज्याने त्याने आपापला डबा रिकामा करून पुसायचा. हो, यजमानांनीसुद्धा!

बेसिनखालच्या खणाला मात्र महिनाभर थांबायला लावू नका. बाकीचं सवडीने करा, पण त्या दोन बाटल्या आजच वेगळ्या करा. आणि तुमच्या न्हाणीघरात अशी एखादी सोयीची युक्ती असेल तर जरूर लिहून कळवा. इतर मैत्रिणींनाही तिचा उपयोग होईल.